नापास मागणारी गावितबाई

भागी झिपरू गावित नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळच्या एका सरकारी कचेरीत एक्याण्णव साली टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली, आणि पुढची आठ वर्षं त्या कचेरीचं पान तिच्यावाचून हललं नाही. बाईला दिसत नव्हतं. पेठ तालुक्यातल्या डोंगरातल्या पाड्यावर चौथ्या वर्षी गोवर आला तो डोळे घेऊनच गेला. सातव्या वर्षी बापाने एसटीत घालून नाशिकला आणली आणि अंधांच्या वसतिगृहात सोडली. तिथून पुढचं सगळं शिक्षण कानांनी आणि बोटांनी झालं. पण बोर्डावर बसली की बाईचा थाट बघावा! तीनशे वीस नंबर तोंडपाठ. दिंडोरीचे साहेब किती वाजता जेवायला घरी जातात, सिन्नरला कोणता शिपाई फोन उचलून नुसताच खाली ठेवतो, सगळं ठाऊक. इकडे मोठे साहेब "अहो बाई, ते चांदवडचे..." एवढंच म्हणायचे, तोवर तिकडे घंटी वाजायला लागलेली असायची.

नव्याण्णव साली आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं. दोन माणसं आली, बोर्डाचे स्क्रू काढले, टेम्पोत घालून घेऊन गेली. बाई खुर्चीवर तशीच बसून राहिली. तिने हात पुढे केला तर टेबलावर स्क्रूची चार भोकं लागली.

हेडक्लार्क होते गोरक्ष सानप, मूळचे सिन्नरकडचे. ते म्हणाले, "बाई, नशीबवान आहात तुम्ही! नोकरी पक्की, पगार चालू, आणि काम नाही. आता मस्त आराम करा."

आता सानप काही वाईट माणूस नव्हता, हीच तर खरी कटकट. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. हा माणूस रोज स्वतः चहा आणून हातात द्यायचा, संध्याकाळी हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा, दिवाळीला बायकोने केलेल्या चकल्यांचा डबा आणायचा. मोठ्या साहेबांपुढे कौतुकाने सांगायचा, "आमच्या बाई म्हणजे देवमाणूस." आणि देवमाणसाला कोण काम सांगणार? त्याला मखरात बसवतात.

सकाळी दहा ते संध्याकाळी पावणेसहा. सात वर्षं. नुसतं बसायचं. कुणी करून बघावं! बाई पंख्याचा आवाज ऐकायची. कोणाच्या टेबलावर फायली साचल्यात, कोण टाइप करताना रेंगाळतंय, कोणाचं साहेबांशी बिनसलंय, हे तिला आवाजावरून कळायचं. पण त्या कळण्याचा उपयोग काय? घरी, म्हणजे पंचवटीतल्या एका खोलीत, गेली की तिचे पाय दुखायचे. काही न करता पाय दुखतात हे सांगायचं कुणाला? आणि मग उशीवर तोंड दाबून चक्क रडायची.

तिला टेबल हवं होतं. सरकारी कचेरीत टेबल म्हणजे लाकडी वस्तू नव्हे, टेबल म्हणजे काम. कुणाकडे पगाराचं टेबल, कुणाकडे रजेचं. बाईचा डोळा, म्हणजे म्हणायचा डोळा, आवक-जावकच्या टेबलावर होता. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक द्यायचा, नोंद करायची, ज्याचा त्याला पोचवायचा. फोन जोडण्याचंच काम की हे, फक्त कागदांचं! ते टेबल सांभाळणारे वाघभाऊसाहेब दोन हजार नऊच्या जून अखेरीला निवृत्त होणार होते. बाईने सानपांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच उत्तर, "कशाला जिवाला त्रास करून घेता?"

दोन हजार चार साली बाई दर रविवारी गंगापूर रोडला अंधांसाठी चालणाऱ्या संगणक वर्गाला जायला लागली. तिथे संगणक बोलायचा. म्हणजे पडद्यावर जे काही असेल ते एक प्रोग्राम वाचून दाखवायचा, आणि आपण कळफलकावरून काम करायचं. छत्तीस वर्षांच्या बाईने ते सहा महिन्यांत आत्मसात केलं. पहिलं पत्र स्वतः लिहून स्वतः वाचलं तेव्हा तिने तिथेच टाळी वाजवली आणि मग लाजली.

त्या वर्गात शिकवायला यायची तृप्ती. चांदवडच्या कांदेवाल्यांची मुलगी, नाशिकच्याच अंबड भागातल्या एका लहानशा कंपनीत प्रोग्राम लिहायची. जिभेला हाड नाही, पण मनाची साफ. तिच्यामुळेच बाईच्या पुढच्या सगळ्या गोष्टी घडल्या, आणि एक बिघडली ती तृप्ती नव्हती म्हणून.

दोन हजार सहामध्ये वरून आदेश आला, की कचेऱ्यांनी विकतचे प्रोग्राम बंद करून फुकटचे वापरावेत. ते जगभरचे लोक मिळून बनवतात, त्यांची आतली रचना सगळ्यांना खुली, कुणीही बघावी, कुणीही सुधारावी. पत्र लिहायला, तक्ते करायला त्यात 'ऑफिस' नावाचा प्रोग्राम होता. नवे संगणक आले. बाईने अर्जावर अर्ज करून एक मिळवला, तृप्तीने रजा टाकून येऊन त्यावर पडदा वाचणारा प्रोग्राम बसवला. संगणक बोलायला लागला. हिंदी वळणाचा, नाकातून बोलणारा एक आवाज, पण मराठी वाचायचा. मग बाईने ते फुकटचं ऑफिस उघडलं, आणि आवाज बंद! कळ दाबा, बाण दाबा, काही करा, संगणक मुका.

"अगं, माझं काय चुकलं?" बाईने विचारलं.

"तुमचं काय चुकणार, ताई?" तृप्ती करवादली. "बनवणारे डोळे उघडे ठेवून बनवतात. पडद्यावर काय आहे ते ऑफिसने मागच्या दाराने आपल्या वाचणाऱ्याला कळवायला पाहिजे. या ऑफिसला ते मागचं दारच नीट बसवलेलं नाहीये."

"मग बसवायचं कुणी?"

"सांगितलं तर बसवतील. सांगायला तर हवं!"

या प्रोग्रामवाल्यांची इंटरनेटवर एक उघडी तक्रारवही असते. तृप्तीने तिच्यात बाईच्या नावाने तक्रार टाकली. सहा आठवड्यांनी जर्मनीतल्या एका गृहस्थाचं उत्तर आलं, की मी हे काम घेतलंय. तो माणूस पगार न घेता, स्वतःच्या सुटीत ते करत होता. दोन हजार आठच्या जानेवारीत त्याने तपासण्यासाठी एक नवी आवृत्ती पाठवली आणि खाली लिहिलं, की वापरून बघा आणि काय चालत नाही ते कळवा.

नेमकी तृप्ती तेव्हा दोन महिन्यांसाठी कंपनीच्या कामाला बंगळूरला गेली होती. तिने फोनवर सांगितलं, "ताई, तुम्हीच तपासा. तुमच्यापेक्षा चांगलं कोण तपासणार? इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल, लिहून टाका."

बाईने तपासलं. अक्षर वाचलं जात होतं, ओळ वाचली जात होती. काय आनंद झाला तिला! पण तक्ता काढला आणि त्याच्या चौकटीत शिरलं की आवाज बंद. चौकटीबाहेर आलं की सुरू. बाईने दहा वेळा करून पाहिलं. मग तिने त्या परक्या माणसाला एवढंच लिहिलं, "व्हेरी गुड सर, थँक यू." त्याने खूश होऊन तक्रार निकाली काढली.

बाई खोटं का बोलली? अहो, वसतिगृहात बारा वर्षं तिला हेच शिकवलं होतं. तिथे कुणाच्या वाढदिवसाचं, कुणाच्या श्राद्धाचं जेवण यायचं. देणगीदार पंगतीपुढे उभे राहून विचारायचे, "कसं आहे जेवण?" आणि सगळ्या पोरींनी एका सुरात म्हणायचं, "छान आहे, आभारी आहोत!" एकदा शिऱ्यात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. नऊ वर्षांची भागी म्हणाली, "खारट लागतो." देणगीदार हसले, पण ते गेल्यावर रेक्टरबाईंनी दंडाला असा चिमटा काढला की आठ दिवस हात वर होईना. फुकट देणाऱ्याला नावं ठेवतेस? त्या दिवशी भागीने कानाला खडा लावला तो लावलाच. आता हा जर्मनीचा माणूस फुकट राबतोय, आणि त्याला म्हणायचं तुझं चालत नाही? त्यातून कोण जाणे, आपलीच कळ चुकत असेल. तिच्या जिभेवर ते येईचना.

आणि मार्चमध्ये आली खात्याची संगणक परीक्षा. ती पास झाल्याशिवाय टेबल मिळत नाही, असा नियम. वाघभाऊसाहेब निवृत्त व्हायला सव्वा वर्ष होतं. बाई नवी साडी नेसून गेली, तक्ता येऊ नये असं मनात म्हणत. पहिला भाग पत्राचा होता, तो तिने बाकीच्यांच्या आधी संपवला. दुसरा भाग पावसाच्या आकड्यांचा तक्ता. पाच तालुके, चार महिने.

ती चौकटीत शिरली आणि संगणक मुका झाला.

एक आकडा टाकला, कुठे पडला कळेना. बाण दाबला, कुठे गेलो कळेना. सगळ्या खोलीत कळांचा टकटकाट चाललेला आणि ही त्या मुक्या चौकटींत कोंडलेली. तासाभराने परीक्षक येऊन मागे उभा राहिला. तो नुसता चुकचुकला, तेव्हाच बाईला कळलं. दिंडोरीचा पाऊस सिन्नरला पडला होता आणि सिन्नरचा कुठेच नव्हता.

परीक्षक मऊ आवाजात म्हणाला, "असू द्या हो बाई. तुमच्यासारख्यांना सूट असते. सूट घ्या, नापासाचा डाग लागणार नाही, वेतनवाढ पण अडणार नाही."

"आणि टेबल?" बाईने विचारलं.

"ते कसं मिळेल? सूट म्हणजे परीक्षा नाही, संगणकाचं कामही नाही. कायमचं सुटलात."

"मग मला नापास करा."

"काय?"

"नापास लिहा, साहेब. नापासाला सहा महिन्यांनी परत बसता येतं. सूट घेतलेल्याला येत नाही. मला माहितीये नियम."

बाईला हात धरून परीक्षेला घेऊन आलेले सानप बाजूलाच होते. त्यांना हसावं की रडावं कळेना. "लोक पास व्हायला काळारामाला नवस बोलतात, आणि आमची बाई नापास मागते! अहो, उभ्या आयुष्यात असं ऐकलं नाही." पण बाई हटेना. तिचा आवाज चढला, खोलीतले लोक वळून बघायला लागले. शेवटी सानप म्हणाले, "बरं बाबा, नापास तर नापास. डोकं तापवू नका." दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कागद तिच्यापुढे ठेवला, तिचं बोट धरून योग्य जागी टेकवलं. "नापास मान्य असल्याची सही. इथे." बाईने सही केली. भागी झि. गावित, ठसठशीत.

बंगळूरहून परत आल्यावर तृप्तीने तक्रारवही उघडली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "व्हेरी गुड? चौकटी बोलत नाहीत आणि व्हेरी गुड? ताई, डोकं फिरलं होतं का तुमचं?" बाईने मान खाली घालून शिऱ्याची गोष्ट सांगितली. तृप्तीचा राग उतरला. ती म्हणाली, "तो माणूस आपल्याला जेवू घालत नाहीये, ताई. तो आपल्याबरोबर स्वयंपाक करतोय. मीठ जास्त पडलं तर ते त्याला तुम्हीच सांगायचं."

पुढचे चार रविवार त्या दोघी दोष शोधत बसल्या. बाई वापरायची, तृप्ती लिहायची. पहिल्या रविवारी बाई प्रत्येक दोषाआधी "राग नका मानू, पण" असं लिहायला लावायची. चौथ्या रविवारी लावेनाशी झाली. सतरा दोष निघाले. तक्रार पुन्हा उघडली. जर्मनीच्या माणसाने लिहिलं, की बरं झालं सांगितलंत, पण माझ्या हातात आता वेळ नाही, कुणाला घाई असेल त्याने चौकटींचं काम घ्यावं. तृप्तीने ते अंगावर घेतलं. चौकटीत कर्सर गेला की ऑफिसने तीन गोष्टी कळवायच्या होत्या, ओळ कितवी, रकाना कुठला, आत काय लिहिलंय. ऐकायला सोपं, पण तिचं काम दोनदा नापसंत होऊन परत आलं. तिसऱ्यांदा नोव्हेंबरात स्वीकारलं गेलं.

इकडे ऑक्टोबरच्या परीक्षेच्या यादीत बाईचं नाव नव्हतं. सानप म्हणाले, "यादी वरून येते, बाई. पुढच्या वेळी येईल." जानेवारीत पुढच्या परीक्षेची यादी लागली, तिच्यातही नाव नव्हतं. "अहो, सरकारी काम आहे. मी बोलतो ना वर." बाई पुन्हा खुर्चीवर. वाघभाऊसाहेबांना पाच महिने उरलेले, आणि त्यांच्या टेबलाशी एक नवा कारकून शिकायला बसायलाही लागला होता. बाईला त्याच्या खुर्चीची करकर ऐकू यायची. जेवणाचा डबा तसाच परत जायचा.

फेब्रुवारीत नवी आवृत्ती कचेरीतल्या संगणकांवर आली. बाईने कोरा तक्ता काढून पाहिला. पहिली ओळ, पहिला रकाना, रिकामा. दुसरा रकाना, रिकामा. एवढं ऐकून तिला हुंदका आला. पण कोरे तक्ते वाचून हाताला सवय कशी लागणार? कचेरीत सगळ्यांचा सामाईक फोल्डर होता, सानप आपल्या सगळ्या फायली त्यातच ठेवायचे. बाईला कुणी तो बंद केलेला नव्हता. कशाला करतील? बाईने त्यातले तक्ते सरावासाठी उघडायला सुरुवात केली. रजांचा तक्ता वाचला. खुर्च्या-टेबलांच्या मोजदादीचा वाचला. तिसऱ्या दिवशी मागच्या मार्चच्या परीक्षेच्या निकालाचा उघडला.

नाकातला तो आवाज एकेक चौकट वाचत चालला. ओळ अकरा. नाव, गावित भागी झिपरू. पद, दूरध्वनी चालक. निकाल, रिकामा. शेरा, "कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या लेखी विनंतीनुसार परीक्षेतून कायमची सूट. संगणकाचे काम देऊ नये."

बाईने बाण मागे नेला, पुन्हा पुढे आणला. पुन्हा तेच. चार वेळा ऐकलं. स्वतःच्या विनंतीनुसार! मग तिला तो कागद आठवला, बोट धरून टेकवलेली ती जागा आठवली, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर हा माणूस रोज चहा देत होता. वर्षभर ती "यादी वरून येते" ऐकत होती. दार तिच्या सहीनेच लावून घेतलं होतं, आणि ती आत बसून ते उघडण्याची वाट बघत होती.

ती रडली नाही. तिने कोरं पान उघडलं आणि अर्ज लिहिला. "मी परीक्षेतून सूट मागितलेली नाही. ज्या कागदावर माझी सही घेतली, त्याचा मजकूर मला वाचून दाखवला नव्हता. मला मार्च २००८ ला नापास धरून येत्या परीक्षेला बसवावे." दोन वेळा ऐकून तपासला. दोन प्रती छापल्या. कागद गरम होते तसेच हातात घेऊन भिंतीला धरून आवक-जावकच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, "वाघभाऊसाहेब, एक प्रत साहेबांना, एकीवर मला पोच द्या."

वाघांनी वाचलं आणि ते खाकरले. त्यांनी सानपांना हाक मारली. सानप आले, त्यांनीही वाचलं. मग त्यांचा आवाज सगळ्या हॉलभर चढला. तो बाईवर नव्हता, बाकीच्यांवर होता. "कुणी वाचून दाखवलं बाईंना? आतली फाईल कुणी वाचून दाखवली? पुढे या!" टंकलेखन थांबलं, पंखे तेवढे फिरत राहिले.

"कुणी नाही, सानपसाहेब," बाई म्हणाली. "मीच वाचलं."

"तुम्ही?"

"मी. अकरावी ओळ, शेऱ्याचा रकाना. आत्ताच."

सानप खुर्ची ओढून बसले. त्यांचा आवाज खाली आला, अगदी चहा देतानाचा झाला. "बाई, तुमच्या भल्यासाठीच केलं हो. आईशप्पथ सांगतो. परत परत नापास होऊन तुमचंच मन..." ते मधेच थांबले. त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं, कारण त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे आता तुम्ही सगळंच वाचणार?"

"सगळं," बाई म्हणाली आणि वाघांकडे वळली. "अर्जावर क्रमांक टाका."